जुना गेम फिका पडला, की सेटिंग चुकलं?

प्रश्न असा आहे: लहानपणी मारिओ, काँट्रा, प्रिन्स ऑफ पर्शिया, व्हाइस सिटी खेळताना जेवणाची शुद्ध राहत नसे. आज तेच गेम लावले तर काही पंधरा मिनिटांत बंद करावेसे वाटतात, काही मात्र तसेच धरून ठेवतात. असं का होतं, कोणते गेम अजून पुन्हा खेळण्यासारखे आहेत आणि खेळायचे तर कसे?

आधी निकाल सांगतो. चित्रं जुनाट दिसतात म्हणून गेम सहसा मरत नाही, कारण डोळा दहा मिनिटांत सरावतो. हात सरावत नाही. बटण आणि उडी यांच्यातला उशीर, भलत्याच वेगाने पळणारा पडदा, मेल्यावर त्याच जागी परत यायला लागणारा वेळ, भिंतीत अडकणारा कॅमेरा, या गोष्टी दुसऱ्या तासालाही तितक्याच टोचतात. यातला निम्मा त्रास मूळ गेमचा नसतोच. आपण तो चुकीच्या पडद्यावर, चुकीच्या वेगाने आणि भलत्या कंट्रोलरवर चालवत असतो. म्हणून आधी सेटिंग तपासा, मग गेमला नावं ठेवा.

वेगापासून सुरुवात करू, कारण ही गोष्ट आपल्याकडे खास लागू होते. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत आलेला ‘टीव्ही गेम’, म्हणजे लिटल मास्टर, मीडिया किंवा डब्यावर नावच नसलेला, बहुतेक वेळा निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी गेम-मशीनची नक्कल असे. जपानी फॅमिकॉम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, काढत असे. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे ५०चे. त्यामुळे पाल देशांसाठी बनलेल्या नकला साठचे गेम न मोडता पन्नासवर चालवत. म्हणजे तुमच्या आठवणीतला मारिओ मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगाने पळत होता. हिशेब सोपा आहे: सुपर मारिओ ब्रदर्समधल्या घड्याळाचा एक आकडा २४ फ्रेमचा असतो. ४००चं घड्याळ साठवर १६० सेकंदांत संपतं, पन्नासवर १९२ सेकंद टिकतं. आज मोबाइलवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपमध्ये, तोच गेम लावला की ‘हा इतका अवघड कधी झाला’ असं वाटतं, त्यामागे अर्ध्या मिनिटाहून जास्त असलेला हा फरक आहे.

उपाय सोपा आहे. रेट्रोआर्क या एम्युलेटरमध्ये मेसेन किंवा एफसीईयूएमएम हा कोअर, म्हणजे फॅमिकॉमची नक्कल करणारा भाग, घ्या. क्विक मेन्यूतून कोअर ऑप्शन्समध्ये जा आणि रीजन ‘डेंडी’ करा. डेंडी हे रशियात खपलेल्या अशाच नकलेचं नाव. तिथे ‘पाल’ निवडू नका. युरोपातल्या खऱ्या पाल मशीनचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे जपानी गेमचे सूरही खाली येतात. डेंडी पद्धतीत तो १.७७वर असतो, मूळच्या १.७९च्या अगदी जवळ. सूर जवळपास तेच राहतात, फक्त लय संथ होते. आवाज तरीही ‘आपला’ वाटत नसेल तर ‘स्वॅप ड्यूटी सायकल्स’ हा पर्याय चालू करा. बऱ्याच नकलांच्या चिपमध्ये चौकोनी लहरींचे दोन प्रकार आपसांत उलटे झालेले असत, म्हणून नाण्याचा आणि उडीचा आवाज मूळ मशीनपेक्षा वेगळा यायचा. एक अडचण मात्र येते. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ५० फ्रेमचा गेम सरकताना हिसके देतो. मॉनिटर ५० किंवा १०० हर्ट्झवर न्या, नाहीतर बदलत्या रिफ्रेश रेटचा मॉनिटर वापरा.

हे आठवणीसाठी झालं. गेम नव्याने शिकायचा असेल तर सरळ ६०वर शिका. आखणी त्याच वेगासाठी केलेली आहे.

दुसरा गुन्हेगार म्हणजे उशीर. साठच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. काही एलसीडी टीव्ही चित्र ‘सुधारण्यात’ शंभर मिलिसेकंद सहज घालवतात, म्हणजे सहा फ्रेम. मारिओ पूर्ण वेगात एका फ्रेममध्ये अडीच पिक्सेल सरकतो, सहा फ्रेममध्ये पंधरा. एक वीट सोळा पिक्सेलची असते. थोडक्यात, तुम्ही कडेला बटण दाबलंत तरी उडी जवळपास एक वीट पुढे लागणार, आणि तिथे जमीन नसते. मग माणूस म्हणतो की आता हात पूर्वीसारखे चालत नाहीत.

टीव्हीचा गेम मोड चालू करा, ब्लूटूथऐवजी वायरचा यूएसबी कंट्रोलर घ्या आणि विंडोऐवजी पूर्ण पडद्यावर खेळा. त्यानंतरही उरलेला उशीर रेट्रोआर्कच्या लेटन्सी मेन्यूतल्या रन-अहेडने, म्हणजे पुढचे फ्रेम आधीच काढून दाखवायच्या सोयीने, कमी होतो. त्यासाठी आधी गेमचा स्वतःचा उशीर मोजावा लागतो. मारिओ स्थिर उभा असताना पी दाबून गेम थांबवा. उडीचं बटण दाबून धरा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. मारिओ पडद्यावर पहिल्यांदा हलतो तो कितवा फ्रेम आहे ते पाहा आणि त्यातून एक वजा करून ती संख्या रन-अहेडला द्या. बहुतेक ८-बिट गेमना एक पुरतो, काहींना दोन. लोभापायी तीन-चार दिलेत तर उडीची पहिली चित्रं गायब होतात आणि पात्र एकदम हवेत दिसतं. आवाज तुटू लागला तर ‘सेकंड इन्स्टन्स’ चालू करा. प्रोसेसरवर भार वाढतो, तेव्हा स्वस्त फोनवर हे जमेलच असं नाही.

पडद्याचं प्रकरण त्यामानाने किरकोळ आहे, पण दोन चुका सर्रास होतात. पहिली, चित्र ताणून पूर्ण १६:९ करणं. फॅमिकॉमचं चित्र २५६ गुणिले २४० पिक्सेलचं असतं आणि ते साधारण ४:३च्या टीव्हीसाठी काढलेलं असतं. ताणलंत की मारिओ ढेरपोट्या होतो आणि आडवा वेगही वाढल्यासारखा भासतो. दुसरी चूक अपूर्णांकाने मोठं करणं. १०८० ओळींच्या पडद्यावर २४० ओळी साडेचारपट होतात, मग काही ओळी चारच्या आणि काही पाचच्या जाडीच्या निघतात आणि पडदा सरकताना विटा लुकलुकतात. इंटीजर स्केल चालू करून चौपट म्हणजे ९६० ओळींवर ठेवा, काळी पट्टी सहन करा. किंवा सीआरटी शेडर, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारा फिल्टर, लावा: फोन आणि रास्पबेरी पायसाठी झेडफास्ट, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असेल तर सीआरटी-रॉयल. शेडर ही नुसती हौस नाही. १९९१च्या सॉनिकमधला धबधबा एकाआड एक उभ्या पट्ट्यांनी काढलेला आहे. जुन्या टीव्हीच्या पिवळ्या वायरीतून जाताना त्या पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसे. एलसीडीवर तिथे गजांची खिडकी दिसते.

बदकं मारायच्या गेमची गन एलसीडीवर चालत नाही. तिच्यात बिघाड शोधत बसू नका. ट्रिगर ओढल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि गनमधला सेन्सर नेमक्या त्याच फ्रेममध्ये उजेड शोधतो. एलसीडीचा चौकोन उशिरा येतो, शिवाय सेन्सरचं सर्किट सीआरटीच्या लुकलुकीवरच जुळवलेलं असतं. सीआरटी टीव्ही नसेल तर माउसने खेळा, पण त्यात मजा निम्मीही उरत नाही.

संगणकावरच्या गेमांचंही दुखणं बहुधा वेगाचंच असतं. बरेच डॉस गेम प्रोसेसर जितका जोरात पळेल तितके पळतात. डॉस गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये कंट्रोल-एफ११ने सायकल, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग दाखवणारा आकडा, कमी होतात, कंट्रोल-एफ१२ने वाढतात. अंदाजासाठी: ३००च्या आसपास पहिल्या पिढीचा पीसी, दोन-तीन हजारांवर २८६, सहा हजारांच्या आसपास ३८६, चोवीस-पंचवीस हजारांवर ४८६ डीएक्स२. गेम ज्या वर्षी आला त्या काळातल्या मध्यम मशीनचा आकडा धरा. सायकल ‘मॅक्स’वर ठेवून जुना गेम चालवला की शत्रू दिसण्याआधीच तुम्ही मेलेले असता.

जीटीए मालिकेतल्या व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियासमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. त्यांतलं गतीचं गणित फ्रेमच्या संख्येशी बांधलेलं आहे. सेटिंगमधला फ्रेम लिमिटर बंद केला की व्हाइस सिटीत गाडी मागे घेताना अडखळते आणि सॅन अँड्रियासमध्ये पोहणं संथ होतं. गेम ‘स्मूद’ करायच्या नादात लोक नेमकं हेच करतात. लिमिटर चालूच ठेवा आणि सायलेंटपॅच हा मोफत पॅच टाका. नव्या विंडोजवर सॅन अँड्रियासमध्ये माउस मेल्यासारखा होतो, तेही त्याने सुटतं.

एवढं सगळं नीट केल्यावरही गेम कंटाळवाणा वाटला, तर तो खरंच म्हातारा झालाय. इथून पुढे मतभेद होतील, आणि व्हावेत.

म्हातारपणाची पहिली आणि खात्रीची खूण म्हणजे वाया जाणारा वेळ. एक साधी मोजणी करा: पात्र मेल्यापासून पुन्हा त्याच अडचणीसमोर उभं राहीपर्यंत किती सेकंद जातात? दहाच्या आत असेल तर गेम कितीही अवघड असला तरी खेळावासा वाटतो. दोन मिनिटं जात असतील तर मधला प्रत्येक सेकंद तुम्ही आधीच सोडवलेलं कोडं पुन्हा सोडवण्यात घालवता. १९९७च्या फायनल फँटसी ७मध्ये ‘नाइट्स ऑफ द राउंड’ हे अस्त्र वापरलं की एक मिनिटाहून लांब अ‍ॅनिमेशन बघावं लागतं. ते टाळता येत नाही आणि दर वेळी तेच असतं. पहिल्यांदा डोळे दिपतात, पाचव्यांदा माणूस चहा करायला उठतो. नव्या आवृत्त्यांत तिप्पट वेगाची सोय दिली, ती कुणी लाड म्हणून दिलेली नाही.

दुसरी खूण नियंत्रणांची, आणि इथे लोक हमखास चुकीचा आरोपी पकडतात. १९९६चा पहिला रेसिडेंट ईव्हल घ्या. ‘वर’ दाबलं की पात्र पडद्यावर वर न जाता स्वतःच्या तोंडासमोर चालतं. आज हे विचित्र वाटतं, पण त्यात कॅमेरे जागोजागी ठोकलेले आहेत आणि दर काही पावलांनी दृश्य पालटतं. दिशा पडद्यावरून ठरली असती तर प्रत्येक पालटीला पात्र मागे वळलं असतं. म्हणजे ही पद्धत त्या कॅमेऱ्याची गरज आहे. अर्धा तास द्या, बोटांत बसते. याउलट त्याच काळातले पहिले त्रिमितीय गेम, ज्यात कॅमेरा आपणच सांभाळायचा पण त्यासाठी दुसरी स्टिकच नाही, ते खरोखर थकले. निन्टेंडो ६४वरचा १९९७चा गोल्डनआय त्यातलाच. एका स्टिकवर चालणं आणि वळणं, नेम धरायचा तर थांबायचं, आणि चौघं खेळायला बसले की फ्रेम कोसळणार. त्या काळात लोकांनी हे सहन केलं, कारण घरच्या मशीनवर चौघांचा तसा दुसरा खेळ सहज मिळत नव्हता. आज मिळतो.

त्रास आणि आव्हान यांतली रेघ कुठे ओढायची? १९९९च्या एज ऑफ एम्पायर्स २मध्ये शेत संपलं की दर वेळी जाऊन ते नव्याने पेरायला लागायचं. २०००च्या काँकरर्स या विस्तारात मिलमध्ये पुढची पेरणी आधीच सांगून ठेवायची सोय आली आणि २०१९च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये ते आपोआप होऊ लागलं. कोणालाही जुनी पद्धत परत नको आहे, कारण त्यात निर्णय काहीच नव्हता, नुसती हमाली होती. आता १९९८चा स्टारक्राफ्ट बघा. एका वेळी बाराच सैनिक निवडता येतात. हीसुद्धा वरवर तशीच अडचण, पण २०१७च्या रीमास्टर्डने, म्हणजे चित्रं सुधारून पुन्हा आणलेल्या आवृत्तीने, ती जाणूनबुजून ठेवली. मोठी फौज डझनाडझनाने हलवताना लक्ष कुठे द्यायचं हाच तिथला डाव आहे. मर्यादा काढली तर कोरियातल्या व्यावसायिक खेळाडूंनी वर्षानुवर्षं कमावलेलं कौशल्य निरर्थक होईल. तेव्हा कसोटी ही: ती अडचण तुमच्याकडून निर्णय मागते की नुसते क्लिक?

आता पुन्हा खेळण्यातली गोडी. ती दोन अगदी वेगळ्या ठिकाणांहून येते आणि दोन्हींची झीज वेगवेगळ्या पद्धतीने होते.

एक, गेम दर वेळी हुबेहूब तसाच राहतो आणि तुम्ही बदलता. १९८०चा पॅक-मॅन याचं टोक आहे. पहिल्या पातळीवर भुतं ७ सेकंद आपापल्या कोपऱ्याकडे जातात, २० सेकंद पाठलाग करतात, पुन्हा ७, पुन्हा २०, मग ५, २०, ५ आणि त्यानंतर कायमचा पाठलाग. लाल भूत तुम्ही ज्या घरात, म्हणजे चौकोनात, असता त्यावर नेम धरतं, गुलाबी तुमच्या चार घरं पुढे. नारिंगी तुमच्यापासून आठ घरांच्या आत आलं की भिऊन कोपऱ्याकडे वळतं. यात नशिबाचा भाग इतका कमी आहे की ठरलेला मार्ग पाठ करून खेळता येतं. २५६व्या पातळीवर अर्धा पडदा कचऱ्याने भरतो आणि तिथे गेम संपतो. ३३,३३,३६०पेक्षा जास्त गुण शक्यच नाहीत. पाठ करणाऱ्याला हे स्वर्ग, बाकीच्यांना थोड्या दिवसांत कोरडं वाटू लागतं. म्हणूनच १९८२च्या मिस पॅक-मॅनमध्ये भुतांच्या हालचालीत थोडा यदृच्छेचा अंश आणि चार वेगळे चक्रव्यूह आले. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी तोच सुचवीन.

काँट्राही याच घरातला. १९८८च्या घरगुती आवृत्तीत आठ स्टेज आहेत. बहुतेक शत्रू ठरलेल्या जागी येतात आणि सराव असेल तर अर्ध्या तासाच्या आसपास सगळा गेम उरकतो. आपल्याकडच्या कॅसेटमध्ये वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए करून ३० लाइफ घ्यायची सवय इतकी रुजली की अनेकांनी मूळ गेम कधी खेळलाच नाही. तीस लाइफ असल्या की माणूस गोळ्या चुकवायला शिकत नाही, अंगावर घेत पुढे जातो, आणि दोनदा संपवल्यावर गेम रिकामा वाटतो. तीन लाइफवर खेळा. एस लिहिलेली पसरणारी गन मिळाली की ती जपणं हाच गेम होऊन बसतो, कारण मेलात की ती जाते. दोघं खेळत असाल तर धबधब्याच्या तिसऱ्या स्टेजला आधी बोलून घ्या. वरचा गडी पुढे उडाला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. भावंडांतली कित्येक भांडणं त्या धबधब्यावरची आहेत.

दोन, गेम दर वेळी नवा डाव मांडतो. टेट्रिस हा त्यातला राजा, पण कुठला टेट्रिस हे बघायला हवं. निन्टेंडोच्या १९८९च्या आवृत्तीत तुकडे जवळपास मुक्तपणे येतात, लांब पट्टीची वाट बघत वीस-तीस तुकडे जाऊ शकतात. नव्या टेट्रिसांमध्ये सात तुकड्यांची पिशवी असते: सातही एकेकदा येऊन गेल्याशिवाय कुठलाही परत येत नाही, त्यामुळे दोन लांब पट्ट्यांमध्ये जास्तीत जास्त बारा तुकडे. दुष्काळ सोसायची तयारी ठेवून रचणं हे जुन्यातलं कौशल्य, नव्यात आखणी जास्त आणि वेगही जास्त. १९८९चा गेम २९व्या पातळीवर मानवी बोटांसाठी संपतो असं अनेक वर्षं धरून चालले होते. बटण दाबून धरलं तर तुकडा आधी १६ फ्रेम थबकतो आणि मग दर ६ फ्रेमला एक घर सरकतो, तेवढ्यात तो खाली टेकतो. मग खेळाडूंनी कंट्रोलरच्या पाठीवर बोटं फिरवत ठोकायची पद्धत काढली, आणि डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलाने १५७व्या पातळीवर गेम गोठवून दाखवला. चौतीस वर्षं जुन्या गेममध्ये नवीन काही घडतं, याहून मोठा पुरावा कशाला हवा? जत्रेत मिळणाऱ्या ‘९९९९ इन १’ ब्रिक गेमचं मात्र असं नाही. १० गुणिले २० चौकोनांच्या त्या पडद्यावर मोजकेच खेळ वेगवेगळ्या वेगांनी मोजून हजारोंचा आकडा छापलेला असतो.

या दोन घरांच्या मध्ये १९९३चा, राक्षसांना गोळ्या घालायचा डूम उभा आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत कमी म्हातारा झालेला गेम तोच. नकाशे ठरलेले, राक्षस ठरलेल्या जागी, पण एकाचा मारा दुसऱ्याला लागला की ते आपसांत भिडतात. त्यामुळे तीच खोली दर वेळी वेगळी सुटते. १९९७मध्ये सोर्स कोड खुला झाला आणि तेव्हापासून लोकांनी केलेले नकाशे थांबलेले नाहीत. डूमच्या मूळ निर्मात्यांपैकी खुद्द जॉन रोमेरोने २०१९मध्ये नवा भाग दिला. मूळ चव हवी असेल तर चॉकलेट डूम किंवा क्रिस्पी डूम घ्या, लोकांनी बदल करून बनवलेल्या मोठ्या नव्या आवृत्त्या, म्हणजे मोड, खेळायच्या असतील तर जीझेडडूम. एक गोष्ट तपासा: ३२० गुणिले २००चं चित्र त्या काळी ४:३वर पसरायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच. ही दुरुस्ती बंद असेल तर राक्षस बुटके दिसतात. दुसऱ्यांदा खेळताना प्रत्येक नकाशा फक्त पिस्तुलावर सुरू करा. मागून आणलेली शस्त्रं नसली की नकाशातल्या प्रत्येक बंदुकीची जागा विचारपूर्वक ठरवलेली दिसते.

प्रिन्स ऑफ पर्शियाचं काय? १९८९चा हा गेम सेकंदाला साधारण बारा फ्रेमवर चालतो आणि नव्या खेळाडूला चिखलात चालल्यासारखा वाटतो. पळता पळता बटण सोडलं तरी राजपुत्र लगेच थांबत नाही, कारण प्रत्येक हालचाल पूर्ण झाल्यावरच पुढची सुरू होते. हा दोष नाही, इथे एक पाऊल आधी विचार करायचा असतो. शिफ्ट धरून बाण दाबलात की तो जपून एकच पाऊल टाकतो आणि कड्याशी थांबतो. एक मजला पडलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर ताकदीचा एक भाग कमी होतो, तीन मजले म्हणजे मृत्यू. हे ध्यानात ठेवलं की निम्मा गेम सुटतो. साठ मिनिटांचं घड्याळ हेच त्याच्या पुन्हा खेळण्याचं इंजिन आहे: पहिल्यांदा वेळ संपतो, दुसऱ्यांदा रस्ते पाठ असतात, तिसऱ्यांदा राजकन्या भेटते. एसडीएलपीओपी या मोफत आवृत्तीत एफ६ने झटपट सेव्ह आणि एफ९ने परत जाता येतं. पातळीच्या सुरुवातीलाच सेव्ह करा. तलवारीच्या प्रत्येक वाराआधी सेव्ह केलंत तर गेम संपेल, पण खेळला असं म्हणता येणार नाही.

सेव्ह स्टेट आणि रिवाइंडबद्दल सगळीकडे हाच नियम धरा. स्टेज किंवा पातळी संपल्यावर सेव्ह, मध्ये नाही. मूळ गेममध्ये पासवर्ड किंवा कंटिन्यू असेल तर आधी ते वापरा. सुपर मारिओमध्ये सगळ्या लाइफ संपल्यावर मुखपृष्ठावर ए धरून स्टार्ट दाबलं की ज्या वर्ल्डमध्ये मेलात तिथूनच सुरुवात होते. ही सोय कॅसेटमध्येच आहे.

रीमास्टर घ्यावा का? प्रत्येक वेळी नाही. व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास असे जुने गेम नव्या रूपात देणारी २०२१ची जीटीए ट्रिलॉजी आली तेव्हा सॅन अँड्रियासमधलं धुकं नाहीसं झालं होतं. ते धुकं जुन्या मशीनची कमजोरी झाकायला होतं खरं, पण त्यामुळेच राज्य प्रचंड वाटायचं. धुकं गेल्यावर एका डोंगरावरून सगळी शहरं हाताच्या अंतरावर दिसू लागली. याउलट एज ऑफ एम्पायर्स २ची डेफिनिटिव्ह एडिशन डोळे मिटून घ्या. नकाशा दर डावाला नवा, ऑनलाइन प्रतिस्पर्धी अजून मिळतात, आणि २०२२च्या विस्तारात जुन्या एकसाची ‘इंडियन्स’ऐवजी हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली अशा वेगळ्या फौजा आल्या.

जाता जाता, व्हाइस सिटीतल्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरबद्दल, कारण अर्ध्या लोकांनी गेम तिथेच सोडला होता. चार बॉम्ब ठेवायचे असतात, पण पहिला बॉम्ब उचलेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. आधी रिकाम्या हेलिकॉप्टरने सगळे मजले फिरा, पंख्याने पहारेकऱ्यांना बाजूला करा, जिने पाठ करा आणि मगच बॉम्ब उचला. नंबरपॅडची बटणं जमत नसतील तर सेटिंगमध्ये ती आधीच हाताजवळ बदलून घ्या.

मूळ वस्तूच वापरणार असाल तर तीन गोष्टी. कॅसेट फुंकू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. फुंकल्यावर चालते ती बहुधा काढून पुन्हा बसवल्यामुळे. कापसाच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजूंच्या पिना पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत, आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावा.

जुन्या मूळ सीडीत सेफडिस्क नावाचं कुलूप असेल तर विंडोज १०वर ती चालणार नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये सुरक्षेच्या कारणावरून त्याच्या ड्रायव्हरचा आधारच काढून घेतला. सीडी ड्राइव्ह बदलून उपयोग नाही, तोच गेम जीओजीसारख्या, जुने गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर कुलूप काढलेला मिळतो का ते पाहा.

आणि ज्या कॅसेटमध्ये सेव्ह होतं तिच्यात बॅटरी असू शकते, ती बघा. पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हरमध्ये सीआर२०२५ असते. तीच घड्याळही चालवते, म्हणून लवकर संपते, आणि संपली की सेव्हही जातं. रुबी, सफायरमध्ये मात्र सेव्ह फ्लॅश मेमरीत असतं, बॅटरी गेली तर फक्त घड्याळ थांबतं. बॅटरी काढण्याआधी कॅसेट रीडरने सेव्हची फाइल संगणकावर उतरवून ठेवा. बदलताना पट्ट्या लावलेलीच बॅटरी आणा, साध्या बॅटरीवर थेट सोल्डरिंग केलं तर ती तापून फुगते. जुनी बॅटरी काढण्याआधी तिच्या धन आणि ऋण बाजूंचा फोटो घेऊन ठेवा. नवी बसवल्यावर मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला की सेव्हची फाइल परत चढवा. मग एकदा गेम सेव्ह करून कॅसेट रात्रभर बाहेर ठेवा आणि सकाळी लावून बघा.